मलिक अंबर आणि खडकीची नहर

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात इथिओपिया नावाचा डोंगराळ देश आहे. मराठीत पूर्वी त्यास हबसाण म्हणत आणि तेथून आलेल्या लोकांस हबशी. या देशात इ. स. १५४८ च्या सुमारास एक मुलगा जन्मास आला. चापू असे त्याचे नाव होते. घरादाराचे सुख त्याच्या वाट्यास फार दिवस आले नाही. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या मोखा बंदरात त्या काळी इतर मालाबरोबर माणसेही विकली जात. चापूची तेथे विक्री झाली आणि एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे जाता जाता तो बगदाद शहरी येऊन पोहोचला.

बगदाद येथे मीर कासीम नावाचा धनी त्यास लाभला. मुलगा बुद्धिमान आहे हे ओळखून त्याने त्यास शिक्षण दिले, हिशेब व कारभार शिकविला, आणि इस्लाम धर्माची दीक्षा देऊन त्याचे नाव अंबर असे ठेवले. अंबर हे एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव आहे. बगदादच्या आसपासच्या आणि इराणच्या मुलखात पाऊस अगदी थोडा पडतो. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली साठलेले पाणी भुयारातून गावापर्यंत आणण्याची विद्या त्या बाजूस फार प्राचीन काळापासून प्रचलित होती. या विद्येचा अंबराच्या पुढील आयुष्याशी निकटचा संबंध आहे.

पुढे अंबरास समुद्रमार्गे दक्षिण हिंदुस्थानात आणण्यात आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य प्रधान चंगीझखान याने त्यास विकत घेतले. चंगीझखान हा स्वतःही एके काळी गुलामच होता. त्याच्या पदरी राहून अंबराने दरबारातील रीतिरिवाज, लष्कराची व्यवस्था आणि राज्याचा जमाखर्च जवळून पाहिला. इ. स. १५७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला आणि त्यानंतर अंबराची गुलामगिरीतून सुटका झाली. आता तो स्वतंत्र होता; परंतु त्याच्यापाशी ना वतन होते, ना भाऊबंद. होते ते केवळ मनगटातील बळ आणि अंगचे शहाणपण. काही वर्षे त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. तेथे त्यास मलिक ही पदवी मिळाली. इ. स. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर थोडेसे घोडेस्वार होते.

तो काळ निजामशाहीस मोठा कठीण होता. उत्तरेकडून मोगल बादशहा अकबर याच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. इ. स. १६०० मध्ये चांदबिबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राजधानी गेली, राजा कैदेत पडला. राज्य बुडाले असेच सर्वांस वाटले. परंतु मलिक अंबराने धीर सोडला नाही. त्याने राजघराण्यातील एका पुरुषास दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून परांडा येथे गादीवर बसविले आणि स्वतः राज्याचा कारभार हाती घेतला. राजधानी परांड्याहून जुन्नरास आणि पुढे दौलताबादेस गेली. याच सुमारास, इ. स. १६१० मध्ये, दौलताबादेपासून जवळच असलेल्या खडकी नावाच्या खेड्याच्या जागी अंबराने एक नवे शहर वसविण्यास आरंभ केला. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर होय.

खडकी हे नाव त्या जागेस शोभण्यासारखेच होते. जिकडे पाहावे तिकडे खडकाळ जमीन. जवळून खाम नदी वाहते खरी, परंतु ती लहान. पावसाळ्यात तिला पूर यावा आणि उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडावे, अशी तिची स्थिती. अशा ठिकाणी किल्ला बांधता येतो, वाडे उठविता येतात, बाजारही भरविता येतो. पण हजारो माणसांना आणि जनावरांना बारा महिने पाणी कोठून द्यावयाचे? अंबराने शहरात वाडे व मशिदी बांधल्या, मराठा सरदारांच्या नावांनी पुरे वसविले आणि मोगलांवरील विजयाची खूण म्हणून इ. स. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. परंतु या सर्वांहून अधिक महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा होता, आणि त्याचे उत्तर त्याने जमिनीच्या पोटात शोधले.

शहराच्या उत्तरेस, हर्सूलच्या बाजूस, डोंगरांची रांग आहे. मराठवाड्यातील हे डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. पावसाचे पाणी वरच्या माती-मुरुमाच्या थरांतून आणि खडकांच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपते; खाली अभेद्य खडक लागला म्हणजे ते अडते आणि खोऱ्याच्या उताराने जमिनीखालूनच पुढे सरकू लागते. वर ऊन रखरखत असले तरी हे खालचे पाणी लवकर आटत नाही. ऊन, वारा आणि धूळ यांपासून ते सुरक्षित असते, आणि थरांतून झिरपताना गाळलेही जाते. हे पाणी भुयारात उतरवून केवळ उताराच्या बळावर शहरात आणावे अशी अंबराची योजना होती. त्यानुसार जी नहर खोदली गेली तिला नहर-ए-अंबरी हे नाव पडले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. नहरीला उतार फार दिला तर पाणी वेगाने धावून तिच्या भिंती कोरून काढते. उतार थोडा दिला तर पाणी मंदावते आणि गाळ साचून वाट बुजते. म्हणून जमिनीच्या पातळीचे माप अचूक घ्यावे लागते. अशा भुयारी कालव्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी उभी विवरे खणतात. खोदकामाची माती त्यांतून वर काढता येते, आत काम करणाऱ्यांस हवा मिळते, आणि पुढे साफसफाईसाठी आत उतरता येते. पुणे येथे नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून पाणी आणले, तेव्हा त्या नळावरील अशा विवरांना उच्छ्वास असे समर्पक नाव मिळाले. जणू काय जमिनीखालील तो जलमार्ग त्या ठिकाणी श्वास घेतो!

शहरात आल्यावर पाणी भाजलेल्या मातीच्या म्हणजे खापरी नळांतून निरनिराळ्या भागांतील हौदांत खेळविले जाई. जोडलेल्या नळांत पाणी आपली पातळी गाठते, हा निसर्गाचा नियम आहे. त्याचा लाभ घेऊन औरंगाबादच्या नहरींवर जागोजागी उंच मनोरे बांधलेले असत. नळातून आलेले पाणी मनोऱ्यात वर चढे आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जाई. वर चढताना त्यातील कोंडलेली हवा निघून जाई, पाण्याचा दाब आवरला जाई आणि पाण्याबरोबर आलेला गाळ तळाशी बसे. चाक नाही, मोट नाही, बैल नाही. तरीही पाणी दारापर्यंत येई.

परंतु नहर बांधली म्हणजे काम संपले असे नव्हे. पाण्याबरोबर बारीक माती येतच राहते. ओलीच्या शोधात झाडांची मुळे नळांच्या सांध्यांतून आत शिरतात आणि आत केसांसारखे त्यांचे जाळे पसरते. पाण्यातील चुनखडी नळांच्या आतील बाजूस थरावर थर देऊन बसते. सांध्याचा चुना सुटला तर चांगले पाणी बाहेर झिरपते आणि बाहेरची घाण आत येते. म्हणून अशा नहरींची निगा राखणारी माणसे असावी लागतात. ती विवरांतून खाली उतरतात, साचलेला गाळ टोपल्यांत भरून दोरीने वर पाठवितात, मुळे छाटतात, सांधे तपासतात. एखादा भाग दुरुस्त करावयाचा असल्यास प्रथम पाणी दुसरीकडे वळवून तो कोरडा करावा लागतो. कारण वाहत्या पाण्यात चुना धरत नाही, वाहून जातो. चुना चांगला आवळला की मगच पाणी पुन्हा सोडावयाचे. घाई केली तर सारी मेहनत फुकट! अंबराच्या या कामाची थोरवी येथेच आहे. कितीही वर्षांनी कोणीही आत उतरून नहर पाहावी, साफ करावी आणि दुरुस्त करावी, याची सोय भुयारी कालव्याच्या रचनेतच असते, आणि अशी रचना त्याने आपल्या शहरासाठी निवडली होती.

इकडे अंबर पाण्याची व्यवस्था लावीत असता तिकडे युद्ध थांबले नव्हते. अकबरामागून गादीवर आलेला जहांगीर बादशहा अंबराचा कट्टर वैरी होता. मोगलांची फौज मोठी, तोफा मोठ्या, खजिना अपार. अंबरापाशी थोडे सैन्य. म्हणून त्याने उघड्या मैदानातील लढाई टाळून गनिमी काव्याचा अवलंब केला. चपळ मराठा घोडेस्वार शत्रूच्या पिछाडीवर तुटून पडत, त्याची रसद मारीत आणि क्षणात डोंगरात दिसेनासे होत. मालोजी, विठोजी, शहाजी इत्यादी भोसले घराण्यातील वीर निजामशाहीच्या चाकरीत होते. मराठ्यांच्या या युद्धपद्धतीस पुढे शिवाजीमहाराजांनी स्वराज्याच्या कार्यात पूर्णत्वास नेले.

या झुंजीत खडकीचे नशीब वारंवार पणास लागले. इ. स. १६१६ मध्ये जालन्याच्या बाजूस रोशनगाव येथे अंबराचा पराभव झाला आणि मोगल सैन्याने खडकीत शिरून शहराची नासधूस केली. इ. स. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शाहजहान, याच्या फौजेने शहर पुन्हा उद्ध्वस्त केले. ज्याने घर नसताना आयुष्य काढले, त्याने वसविलेले घर दोनदा मोडले. तरीही दोन्ही वेळा खडकी पुन्हा उभी राहिली. वाडा जाळता येतो, बाजार लुटता येतो. पण जेथे पाणी आहे तेथे माणसे परत येतात.

आश्चर्याची गोष्ट अशी की, अंबराविरुद्ध लढणारा मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याच्याच कारकीर्दीत त्याच सुमारास बऱ्हाणपूर येथेही अशीच भुयारी पाणीयोजना झाली. तिचा कुंडी भंडारा नावाचा भाग आजही प्रसिद्ध आहे. त्याहीपूर्वी बहमनी राजवटीत बीदर येथे अशा भुयारी कालव्याचा उपयोग झाला होता. रणांगणावर जे एकमेकांचे वैरी होते, त्यांना तहानेने एकच विद्या शिकविली!

पाण्याचे बळ अंबर जसे शांततेत जाणत होता तसे युद्धातही जाणत होता. इ. स. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही या दोघांच्या एकत्रित फौजा त्याच्यावर चालून आल्या. त्यांची गाठ अहमदनगरजवळ भातवडी येथे पडली. अंबराने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. पाणी पसरून वाटा चिखलमय झाल्या, शत्रूची हालचाल मंदावली आणि त्याच्या छावणीची दुर्दशा झाली. मग अंबराच्या सैन्याने निर्णायक हल्ला चढवून मोठा विजय मिळविला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजविला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

राज्यकारभारातही अंबराचे नाव मोठे झाले. शेतसारा वसूल करण्याचा मक्ता सावकारांस देण्याची पद्धत त्याने मोडली. जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरविण्याची व्यवस्था केली. मराठी मुलखात त्याची ही धारापद्धती पुढेही दीर्घ काळ आठवली जात असे. इ. स. १६१७ मध्ये पीटर व्हॅन डेन ब्रोक हा डच व्यापारी त्यास भेटला. लोक या वृद्ध हबशी सरदारास मान देतात आणि त्याचा कारभार चोख आहे, असे त्याने लिहून ठेवले. जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात अंबराचा उल्लेख अपशब्दांवाचून क्वचितच करतो. रणात अंबर हाती लागेना, तेव्हा बादशहाने एक चित्र काढवून घेतले. त्यात जहांगीर अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे असे दाखविले आहे. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन शहरी चेस्टर बीटी संग्रहात आहे. जे प्रत्यक्षात साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले! परंतु अंबराच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच एका इतिहासकाराने त्याच्या युद्धकौशल्याची आणि न्यायी कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली.

इ. स. १६२६ च्या मे महिन्यात मलिक अंबर वारला. त्या वेळी त्याचे वय सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे. त्याच्यामागून दहा वर्षांत निजामशाही लयास गेली. त्याचा मुलगा फत्तेखान याने खडकीस फत्तेनगर हे नाव दिले, इ. स. १६५३ मध्ये दक्षिणेचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने ते बदलून औरंगाबाद केले. आणि २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर असे झाले. राज्ये बदलली, नावे बदलली, पण नहरीचे पाणी वाहत राहिले. मोगलांच्या व निजामाच्या काळात तिच्या जोडीस आणखी नहरी आल्या. अठराव्या शतकात बांधलेली पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्याने फिरे. विसाव्या शतकापर्यंत शहराच्या अनेक भागांनी या नहरींचे पाणी प्याले.

पुढे पाण्याची नवी साधने आली. आज शहरास पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयातून विजेच्या पंपांनी पाणी चढवून आणावे लागते. जुन्या नहरींकडे मात्र लोकांचे दुर्लक्ष झाले. त्यांच्या मार्गावर घरे उठली, रस्ते खणताना नळ फुटले, विवरांत केरकचरा पडला आणि कित्येक ठिकाणी सांडपाणी आत शिरले. शत्रूच्या फौजांनी ज्या नहरीचा नाश केला नाही, तिचा नाश निष्काळजीपणाने होऊ लागला. आता काही जाणकार लोक तिच्या खुणा शोधून तिचे उरलेले भाग जतन व्हावेत म्हणून खटपट करीत आहेत.

पाणी शुद्ध करण्याचे उपायही काळाबरोबर बदलले. पूर्वी पाणी हौदात निवळत असे. आता त्यात क्लोरीन मिसळतात, तर काही ठिकाणी ओझोन वायू सोडतात. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ साली ओझोनाने पाणी शुद्ध करण्याचे केंद्र सुरू झाले. आज ओझोन तयार करणारी लहान यंत्रे घरांतही दिसतात. विजेच्या योगाने हवेतील प्राणवायूपासून ओझोन बनविणे हे या यंत्राचे काम. परंतु हवा दमट असेल तर ओझोन कमी बनतो. शिवाय हवेतील नत्रवायू आणि ओल यांपासून तीव्र आम्ल तयार होऊन ते यंत्राचे आतील भाग खाऊन टाकते. यासाठी यंत्रात जाणारी हवा ओल शोषून घेणाऱ्या खड्यांतून नेतात. ते खडे ओले झाले की तापवून सुकवावे किंवा बदलावे लागतात. भांड्यातील पाणी नळीवाटे उलट यंत्रात शिरू नये म्हणून मध्ये एक झडप असते; तीही वेळोवेळी पाहावी लागते. ओझोन श्वासावाटे छातीत जाणे अपायकारक असल्याने, वीज बंद करून व खोलीत वारा खेळता ठेवून हे काम जाणत्या माणसानेच करावयाचे असते. नहरीचा शत्रू गाळ, तर या यंत्राचा शत्रू ओल. नहर असो की यंत्र, शुद्ध पाणी देणारी वस्तू स्वतः स्वच्छ राहिली तरच तिचे काम नीट चालते.

मलिक अंबराने जिंकलेले मुलूख आज कोणाच्या स्मरणात नाहीत. ज्या राज्यासाठी तो जन्मभर लढला ते राज्यही उरले नाही. बाजारात विकला गेलेला एक परदेशी मुलगा दख्खनच्या एका खडकाळ खेड्यात आला आणि तेथील लोकांच्या घागरी भरण्याची सोय करून गेला, ही त्याची खरी कीर्ती होय. त्याने दिलेले पाणी तीनशे वर्षे वाहिले. कारण त्या दीर्घ काळात नाव ठाऊक नसलेली कितीतरी माणसे अंधाऱ्या विवरांत उतरून ती वाट मोकळी करीत होती. अंबराच्या नावाबरोबर त्यांचेही स्मरण होणे योग्य आहे.